एका जागेसाठी ३६ फेऱ्या

अमेरिकेतली १८०० सालची निवडणूक चिघळली, त्याचं मूळ राज्यघटनेतच होतं. राष्ट्राध्यक्ष निवडायचे ते निर्वाचकांनी, म्हणजे राज्यांनी त्यासाठी नेमलेल्या प्रतिनिधींनी. प्रत्येक निर्वाचकाने दोन मतं द्यायची. पण कुठलं राष्ट्राध्यक्षासाठी आणि कुठलं उपराष्ट्राध्यक्षासाठी, हे नोंदवायची सोयच नव्हती. घटना लिहिली तेव्हा पक्ष नव्हते, म्हणून ही त्रुटी कुणाला टोचली नाही.

पुढे पक्ष झाले आणि त्यांच्यातून विस्तव जाईना. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाने १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा केला आणि टीकाकारांना तुरुंग दाखवला. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन चार महिने आत होते. मतदारांनी त्यांना कोठडीत असतानाच पुन्हा निवडून दिलं. हे नाव लक्षात ठेवा.

निकाल लागला : थॉमस जेफरसन ७३, अ‍ॅडम्स ६५. पण जेफरसन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे (आजचा रिपब्लिकन पक्ष तो नव्हे) आरन बर यांनाही ७३! निर्वाचकांनी दोन्ही मतं शिस्तीत आपल्याच दोघांना दिली होती. (दक्षिणेतल्या गुलामांना मत नव्हतं, तरी त्यांची तीन पंचमांश संख्या धरून त्या राज्यांना जादा निर्वाचक मिळत. जेफरसन यांना त्याचा मोठा लाभ झाला. ही बाजू झाकून हा इतिहास सांगणं अन्यायाचं आहे.)

बरोबरी झाली, म्हणून आता फैसला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, प्रतिनिधीगृहाकडे. जेफरसन नकोत म्हणून फेडरलिस्ट खासदार बर यांच्या मागे उभे राहिले. तिथे राज्यागणिक एक मत, ते त्या राज्याचे खासदार बहुमताने ठरवणार; १६ राज्यं, जिंकायला ९ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ ला पहिली फेरी झाली : जेफरसन ८, बर ६, आणि दोन राज्यं आपापसातच दुभंगलेली. मेरीलँड त्यातलंच एक. तिथले खासदार जोसेफ निकोल्सन तापाने फणफणले होते. ते नसते तर मेरीलँड बर यांच्याकडे जाणार होतं. बर्फातून त्यांना खाटेवर घालून सभागृहालगतच्या खोलीत आणलं. पत्नीच्या आधाराने ते प्रत्येक फेरीला चिठ्ठी लिहीत राहिले.

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, आकडा हलेना. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर सैन्य सज्ज ठेवण्याची भाषा करू लागले. अखेर डेलावेअरचे एकमेव खासदार, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड, यांनी बर यांचा पाठिंबा सोडला. १७ फेब्रुवारीच्या ३६व्या फेरीत व्हरमाँटचे फेडरलिस्ट खासदारही गैरहजर राहिले आणि त्या राज्याचं मत एकट्या माणसाच्या हाती आलं. तो माणूस म्हणजे मॅथ्यू लायन. त्यांनी ते जेफरसन यांना दिलं.

दोन पदांसाठी स्वतंत्र मतं देण्याची दुरुस्ती १८०४ मध्ये झाली. अ‍ॅडम्स मात्र ४ मार्च १८०१ च्या जेफरसन यांच्या शपथविधीला थांबले नाहीत. त्या दिवशी पहाटे चारलाच त्यांनी वॉशिंग्टन सोडलं.