माउंटन बाइकिंगचं मासिक लावावं का?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सर्व्हिसिंगला सायकल टाकली की अर्धा-पाऊण तास बाकावर बसावं लागतं. समोरच्या फळीवर माउंटन बाइकिंगचे जुने इंग्रजी अंक असतात. लोक ते चाळतात, गुळगुळीत कागदावरचे डोंगर बघतात आणि विचारतात, "भाऊ, वर्षाचं लावून टाकू का?" परवा अमळनेरहून आलेल्या एका आबांनी नातवाच्या हातातला अंक बघून उलटं विचारलं, "हाई लिसन काय फायदा शे भाऊ?" दोघांनाही उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद छापला.

आम्ही कुठल्याही मासिकाची वर्गणी घेत नाही आणि त्यात आमचं कमिशनही नाही. त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. दहापैकी सात-आठ जणांना वर्षाच्या वर्गणीची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांनी अंक कसा वाचायचा हे कळल्याशिवाय पैसे भरू नयेत. परदेशी मासिक परदेशी रस्त्यासाठी लिहिलेलं असतं आणि आपली सायकल मेहरूणच्या तलावापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत चालते.

आधी नव्या सायकलींच्या चाचण्यांबद्दल. कव्हरवर त्याच असतात, जाहिरातीही त्यांच्याच असतात आणि आपल्याला सगळ्यात कमी उपयोग त्यांचाच. त्यात येणाऱ्या सायकली बहुतेक पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या, लाखांत किमती असलेल्या. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला चालते ती पुढे ८० ते १०० मिलिमीटर दबणारा शॉकअप, मागे कडक फ्रेम अशी सायकल. चाचणी वाचून घरी आलेला मुलगा महिनाभर स्वतःच्या सायकलीवर नाराज असतो, आणि ते बघायला आम्हालाच वाईट वाटतं. शिवाय ज्या कंपनीची पानभर जाहिरात, तिच्याच सायकलीची चाचणी दहा पानांवर. लिहिणारा प्रामाणिक असला तरी वाचणाऱ्याने हातचं राखूनच वाचावं.

प्रवासाची चित्रं सुंदर असतात. त्यांच्यासाठी वर्गणी भरणाऱ्याला आम्ही अडवत नाही.

खरा माल असतो मधल्या आणि शेवटच्या पानांत, म्हणजे सायकल चालवायचं कसब आणि दुरुस्ती. चेनचंच घ्या. चेन लांबली आहे का, हे बघायला महागडं अवजार लागत नाही, शाळेतली बारा इंची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर बाराव्या इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तिथे एक सोळांश इंच पुढे सरकलेला दिसला तर चेन बदला, मागचे दाते वाचतील. एक अष्टमांश सरकला असेल तर दातेही गेले समजा, मग चेनसोबत कॅसेट किंवा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांचा संचही बदलावा लागतो. एवढं एक पान वाचून जो दर दोन महिन्यांनी पट्टी लावतो, त्याची वर्गणी त्या एका वाचलेल्या कॅसेटमध्ये निघू शकते. आमचं थोडं नुकसान होतं, पण ते चालेल.

डिस्क ब्रेक ओरडतो म्हणून येणाऱ्या सायकलींचंही तसंच. चेनवर तेलाचा फवारा मारताना तो डिस्कवर उडतो, पॅड तेल पितात आणि ब्रेक ओरडायला लागतो, धरतही नाही. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यावं, डिस्कवर फडकं टाकून द्यावं, हे दुरुस्तीच्या पानांत चित्रासह मिळतं. दुकानात आम्ही तोंडी सांगतो ते घरी पोचेपर्यंत विसरलं जातं.

ब्रेकवरून आठवलं. हा खेळ कॅलिफोर्नियातल्या माऊंट तमालपाइस या डोंगराच्या परिसरात वाढला. १९७६ पासून तिथे काही पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावत. साधारण सव्वातीन किलोमीटरचा रस्ता आणि चारशे मीटरचा उतार. त्या सायकलींना उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत चाकाच्या हबमधलं, म्हणजे मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर निघायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरणं. त्यातल्याच काही मंडळींनी १९८० मध्ये 'फॅट टायर फ्लायर' नावाचं छोटं मासिक काढलं, ते १९८७ पर्यंत चाललं. म्हणजे या खेळात मासिक आणि सायकल जवळजवळ जुळी भावंडं. ऑलिंपिकमध्ये खेळ पोचला तो १९९६ ला, अटलांटात.

ही गोष्ट सांगायचं कारण तोरणमाळ. सातपायरी घाट उतरताना वरपासून खालपर्यंत ब्रेक हलकासा धरून ठेवणारे खूप आहेत. हबमधलं ग्रीस आता जळत नाही, पण डिस्क आणि पॅड तापून चकाकतात आणि खाली जिथे गरज असते तिथेच धरत नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोराने, मग सोडून द्यायचे, थंड होऊ द्यायचे.

आता महत्त्वाचं. हे पत्रक दुसरं कशासाठी नाही वाचलंत तरी एवढ्यासाठी वाचा. अमेरिकन मासिकात 'डावा ब्रेक' लिहिलं असेल तर तो पुढच्या चाकाचा समजा. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. वाचलेलं तसंच मुरमाच्या वळणावर करायला गेलात तर नको तेच चाक लॉक होईल. कुठलाही धडा करून बघण्याआधी सायकल उभी करून एकेक ब्रेक दाबा आणि कुठलं चाक अडतं ते बघा. ब्रिटिश मासिक घेतलंत तर हा घोळ कमी होतो. आम्ही नवशिक्यांना ब्रिटिश अंक आधी का देतो, त्याचं हेही एक कारण आहे.

हवेचंही असंच भाषांतर करावं लागतं. मासिकात पीएसआय किंवा बार लिहितात. आपण ज्याला 'पौंड' म्हणतो तेच पीएसआय, आणि एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पौंड. तिकडचे लोक ट्यूबलेस टायरमध्ये वीस-बावीस पौंडांवर चालवतात. आपल्या ट्यूबच्या टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवून नाल्यातल्या दगडावर आदळलात तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाने सव्वादोन इंची टायरला कच्च्या रस्त्यावर तिसाच्या आसपास ठेवावी. चौकातला पंक्चरवाला मात्र अंगठ्याने दाबून पन्नास-साठ भरतो. ती डांबरी रस्त्यावर बरी, गाडवाटेवर सायकल उड्या मारते.

काट्यांच्या बाबतीत मात्र अमेरिकन अंक कामाचे. आपल्या शिवारातला सराटा, ज्याला गोखरू म्हणतात, तोच तिकडच्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागात पोचला आहे. त्याच्या काट्याला ते 'गोटहेड' म्हणतात, म्हणजे बकरीचं डोकं. काटा नीट निरखला तर दोन शिंगं दिसतातच. त्यामुळे ट्यूबलेस टायर, त्यात घालायचं भोक बुजवणारं द्रव म्हणजे सीलंट, जाड ट्यूब यांवर त्यांनी पोटतिडकीने लिहिलेलं असतं. फक्त सीलंट किती महिने टिकतं हा आकडा थंड प्रदेशाचा धरू नका. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, सीलंट लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी बघा.

ऋतूही उलटसुलट आहेत. ब्रिटिश मासिकांतले चिखलावरचे लेख डिसेंबर-जानेवारीच्या अंकांत येतात. तेव्हा आपल्याकडे हरभरा उभा असतो आणि सायकल चालवायला याहून चांगले दिवस नाहीत. तो अंक जपून ठेवा, आषाढात काढा. तरीसुद्धा काळ्या मातीबद्दल त्यात काही मिळणार नाही. आपली कापसाची माती ओली झाली की फुगते, टायरला थर चढतो, फ्रेम आणि चाकाच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. त्यावर कुठलाही टायर चालत नाही. पावसात मुरमाचा रस्ता धरा नाहीतर सायकल खांद्यावर घ्या.

वाटेवरच्या रीतीही आपल्याच आहेत. तिकडे घोडेस्वाराला वाट कशी द्यावी हे शिकवतात. इथे बैलगाडी, शेळ्यांचा कळप आणि केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या. नळीवरून चाक नेऊ नका, शेतकऱ्याने पुन्हा बांधावर उभं राहू दिलं पाहिजे. पाल, मनुदेवी, पाटणादेवी या बाजूला अभयारण्याचा भाग लागतो, तिथल्या जंगलवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही.

वर्गणी घ्यायचीच असेल तर

छापील परदेशी अंक मागवायचा मोह आम्हीही केला होता. टपालखर्च अंकाच्या किमतीच्या बरोबरीला आला, सहापैकी चार अंक मिळाले, त्यातला एक भिजून फुगलेला. बाकीचे वाटेत कुठे राहिले देव जाणे. तेव्हापासून आमचा कल डिजिटलकडे आहे. मोबाइलवर पान लहान दिसतं, दुरुस्तीची चित्रं तर फारच, म्हणून घरात टॅबलेट किंवा कॉम्प्युटर असेल तरच. मॅग्झटरसारख्या ॲपवर एका वर्गणीत बरीच नियतकालिकं वाचता येतात. पैसे भरण्याआधी आपल्याला हवं ते मासिक त्या यादीत आहे का, ते बघा.

दोन-तीन वर्षांची सवलतीची वर्गणी भरू नका. १९८९ पासून चालत आलेलं 'डर्ट रॅग' हे अमेरिकन मासिक २०२० च्या सुरुवातीला बंद पडलं. चांगली मासिकंही अशी बंद पडतात. एक वर्ष पुरे. आणि स्वस्त पहिल्या महिन्यानंतर कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात, तिकडे लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. तो मेसेज न वाचता पुसू नका.

कोणाला घ्या म्हणतो? जो स्वतः पाना हातात धरतो. जो आठवड्यातून दोन-तीनदा डांबर सोडून चालवतो. ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारं आणि थांबून समजावणारं कुणी आहे. आमची एक ग्राहक ताई अंक वाचते आणि तिचे वडील सायकल खोलतात. दोघांची जोडी आमच्या मेकॅनिकला प्रश्न विचारून हैराण करते. अशा घरात वर्गणी वसूल होते.

ज्याने सायकल नुकतीच घेतली आहे त्याने आधी दोन जादा ट्यूब, पॅच-सोल्युशन, टायर लिव्हर, छोटा पंप आणि ॲलन कीचा संच घ्यावा. हेल्मेट नसेल तर या सगळ्याच्या आधी हेल्मेट. मासिक नंतर.

तोवर आमचे अंक आहेतच. सायकल सर्व्हिसिंगला नसली तरी दुपारी येऊन वाचत बसा, चहाचं तेवढं तुमच्याकडे. ज्या पानांवर ब्रेकची बाजू किंवा हवेचा आकडा आपल्याकडे वेगळा आहे, तिथे आम्ही मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, त्या काढू नका. हवं ते पान मोबाइलवर टिपून घ्या, फाडू नका. ब्रेक पॅड बदलायचं पान गेल्या पावसाळ्यात कुणीतरी नेलं आहे. पॅड बदलून झाले असतील तर आणून द्या.