खोल पाण्यात धावणे

खोल पाण्यात धावणे : कमरेला तरंगणारा पट्टा बांधून, मानेपर्यंत पाण्यात शरीर उभे ठेवून आणि तळाला पाय न टेकवता धावण्याची हालचाल करण्याचा व्यायामप्रकार. ॲक्वा जॉगिंग या नावानेही तो ओळखला जातो. दुखापत भरून येत असताना दम, स्नायूंची ताकद आणि धावण्याची लय टिकवण्यासाठी लांब पल्ल्याचे धावपटू त्याचा आधार घेतात. स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग), नडगीचे दुखणे, तळपायाच्या पडद्याची सूज, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे अशा, पाऊल जमिनीवर आपटल्याने वाढणाऱ्या तक्रारींत तो विशेष उपयोगी ठरतो.

पाण्यात शरीरावर काय घडते

जमिनीवर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. पाणी शरीराला खालून उचलून धरते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांवर साधारण निम्मे वजन उरते, छातीपर्यंत गेल्यास सुमारे एक तृतीयांश आणि मानेपर्यंत गेल्यास जेमतेम एक दशांश. तळच सुटला की आपटी पूर्णपणे संपते.

भार गेला तरी मेहनत जात नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि हालचालीचा वेग दुप्पट केला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून मेहनत वाढवायला वजने लागत नाहीत, पाय जलद चालवणे पुरते. मात्र सावकाश हालचालीला पाणी फारच थोडा विरोध करते. हळूहळू पाय हलवत तासभर तरंगणाऱ्याचा दम टिकत नाही, त्याचे कारण हेच.

हृदयाचे ठोके पाण्यात फसवे असतात. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे सरकते, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकते आणि तेवढ्याच मेहनतीला ठोके मिनिटाला सुमारे १० ते १५ ने कमी दिसतात. मनगटावरची घड्याळेही पाण्यात भरवशाची राहत नाहीत. त्यामुळे तीव्रता १ ते १० अशा स्वतःच्या जाणिवेच्या मापाने ठरवावी : ३–४ म्हणजे सहज बोलता येईल इतकी, ७–८ म्हणजे तुटक शब्दच निघतील इतकी. रक्त छातीकडे सरकल्याने मूत्रपिंडे जास्त काम करतात आणि लघवीची भावना लवकर होते. पाण्यात घाम येतो पण दिसत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली काठावर ठेवावी.

पट्टा आणि तलाव

पाणी इतके खोल हवे की पाय सरळ सोडले तरी बोटे तळाला लागू नयेत. जोरदार सरावासाठी २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान चांगले. उपचारासाठी तापवलेल्या ३३–३४ अंशांच्या तलावात कठीण टप्पे केल्यास अंग लवकर तापते आणि थकवा येतो.

पट्टा बरगड्यांच्या खाली, कमरेवर घट्ट बांधावा. पाण्यात तो ढिला होतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांनंतर पुन्हा आवळावा. ढिला पट्टा छातीकडे सरकतो, श्वास अडवतो आणि काखेखाली कातडी सोलतो. पट्ट्याशिवायही धावता येते, पण तरंगत राहण्याच्या धडपडीत हात पाणी खाली दाबू लागतात आणि धावण्याची ढब बिघडते. पट्टा हे जीवरक्षक साधन नाही. पोहता न येणाऱ्याने जीवरक्षकाच्या नजरेखाली, काठाजवळच सराव करावा.

ढब

शरीर जवळपास ताठ, पुढे किंचित झुकलेले. हा कल घोट्यापासून असावा, कमरेत वाकून नव्हे. हनुवटी पाण्याबाहेर, नजर समोर, खांदे सैल. कोपरे साधारण काटकोनात ठेवून हात खांद्यातून मागेपुढे हलवावेत. मूठ हलकी मिटलेली आणि अंगठा वर ठेवावा. तळवे पसरले की हात वल्ह्यासारखे पाणी ओढू लागतात आणि पायांचे काम कमी होते. गुडघा वर आणून पाय पुढे सोडावा, मग मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंनी तो खाली व मागे दाबत न्यावा. मागे जाणारा हा दाबच या व्यायामाचा गाभा आहे.

चुका साधारण तीनच, पण फार सर्रास दिसतात. पहिली, खुर्चीत बसल्यासारखे होऊन सायकल चालवणे : यात पाय मागे जातच नाही आणि जांघेतले स्नायू आखडतात. दुसरी, गुडघे भराभर वर आणून छोटी पावले टाकणे : ठोके वाढतात, पण नितंबांना काम मिळत नाही. तिसरी, पुढे सरकण्याचा हट्ट. नीट ढबीत माणूस फार संथ सरकतो, २५ मीटर कापायला मिनिटाहून जास्त लागले तरी काही चुकलेले नसते. वेग वाढवायला पुढे झुकले की ते पोहणे होते. पाण्याच्या विरोधामुळे पावलांची गतीही जमिनीपेक्षा कमीच राहते. ती जमिनीइतकी करायला गेल्यास पावलाचा पल्ला तुटतो.

सराव

पाण्यात अंतर मोजू नये, वेळ मोजावा. जमिनीवर ४५ मिनिटांचा सराव ठरला असेल तर पाण्यातही ४५ मिनिटे. नवख्याने पहिला आठवडा २० ते ३० मिनिटे केवळ ढब बसवण्यात घालवावा.

१९९० च्या दशकात प्रशिक्षित धावपटूंवर झालेल्या प्रयोगांत ४ ते ६ आठवडे पाण्यातच धावूनही प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि ठरावीक अंतराची वेळ जवळपास टिकून राहिल्याचे दिसले. त्यासाठी सरावात कठीण टप्पे हवेतच. १० मिनिटे हलकी सुरुवात करून पुढीलपैकी एक निवडता येतो : ३ मिनिटे जोरात व १ मिनिट हलके असे ६ वेळा, १ मिनिट जोरात व ३० सेकंद हलके असे १२ वेळा, किंवा १, २, ३, ४, ३, २, १ मिनिटांची चढ-उतार, मध्ये प्रत्येक टप्प्याच्या निम्मी विश्रांती. शेवटी ५ ते १० मिनिटे हलके. पाण्यात ठोके लवकर उतरतात, म्हणून विश्रांती जमिनीवरच्या सरावापेक्षा आखूड ठेवतात. आठवड्यात असे दोन, फार तर तीन कठीण दिवस, एक तासाभराचा सलग सराव आणि उरलेले हलके, अशी मांडणी बहुतेकांना झेपते. कंटाळा हा या व्यायामाचा खरा शत्रू आहे आणि टप्पे पाडल्याने तोही आवरतो.

कोणत्या दुखापतीत काय टाळावे

पाण्यात सगळे चालते हा समज घातक आहे. जांघेच्या किंवा मांडीमागच्या स्नायूला ताण पडला असेल तर पाण्याचा विरोध नेमका तिथेच ओढतो. पावलाचा पल्ला आखूड ठेवावा किंवा काही दिवस थांबावे. टाचेमागच्या कंडरेचे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे) दुखणे असल्यास भिंतीला पायाने रेटा देऊ नये, पंजावर चढवण्याचे फिन्स वापरू नयेत आणि किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून पाय मारणे टाळावे, कारण पाऊल ताणलेले राहते. असे दुखणे असणाऱ्यांनी मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी पोहावे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखे पाय झाडत पोहण्याची) लाथ नको. मांडीच्या हाडाच्या मानेतील (खुब्याजवळच्या अरुंद भागातील) किंवा कमरेच्या हाडातील स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यातही उतरू नये. टाके किंवा उघडी जखम पूर्ण भरेपर्यंत तलाव वर्ज्य. हृदयविकार आणि फिट्स येणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

सराव चालू असताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढले, तर तो सराव त्या दुखापतीला मानवलेला नाही.

जमिनीवर परतताना

सर्वाधिक घोटाळा इथे होतो. पाण्यात स्नायू आखूड होताना काम करतात. पाऊल टेकताना भार झेलत लांबण्याचे काम त्यांना मिळतच नाही. म्हणूनच पाण्यातल्या सरावानंतर अंग फारसे दुखत नाही. पण हाडे, कंडरा आणि पोटऱ्या यांची आपटी सोसण्याची सवय त्या काळात उतरते. दम शाबूत, पाय मात्र कच्चे अशी स्थिती होते आणि श्वासाच्या भरवशावर पहिल्याच आठवड्यात जुना वेग गाठणारा धावपटू पुन्हा जायबंदी होतो.

यासाठी मधली पायरी उथळ पाण्याची. छातीइतक्या पाण्यात तळाला पाय टेकवून धावावे, काही दिवसांनी कमरेइतक्या पाण्यात यावे. तळाने कातडी सोलू नये म्हणून पाण्यातले बूट घालावेत. जमिनीवर ३० मिनिटे न दुखता चालता आल्यावर १ मिनिट धावणे आणि २ मिनिटे चालणे असे ८ वेळा, तेही एक दिवसाआड. मधल्या दिवशी पाणी. धावण्याचा वाटा थोडा थोडा वाढवत नेऊन ३० मिनिटे सलग धावता येईपर्यंत सर्व कठीण टप्पे पाण्यातच ठेवावेत. चढ आणि वेगाचे सराव सर्वांत शेवटी जमिनीवर आणावेत, तेही एका आठवड्यात दोन्ही नव्हेत.