काचेत मुरलेली चांदी

जुन्या चर्चमधील रंगीत काचेच्या खिडकीसमोर उभे राहिले की हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘काचेवर रंग काय सुंदर मारला आहे!’ बेळगावच्या कॅम्प भागात मी ते अनेकदा ऐकले आहे, आणि तसे म्हणणाऱ्याने भर दुपारी मोबाइलवर काढलेला फोटोही पाहिला आहे: मध्यभागी पांढरी झगझगीत पट्टी, भोवती मिट्ट काळोख आणि संतांच्या चेहऱ्यांवरील रेषा साफ नाहीशा झालेल्या. हा गैरसमज आणि हा फसलेला फोटो यांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. भिंतीवरच्या चित्रावर पडलेला प्रकाश परतून आपल्या डोळ्यांत येतो, तर खिडकीतील चित्र प्रकाश काचेतून आरपार जाताना घडते. त्यामुळे ते टिपण्याची रीतही वेगळी असायला हवी.

अशा खिडकीतील बहुतेक रंग काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेले असतात. वाळू, क्षार आणि चुना यांच्या रसात किंचित कोबाल्ट घातले की काच निळी होते, मँगनीजने जांभळी, लोहाने हिरवट. शहापूर किंवा निपाणीतील जुन्या घरांच्या दारांवर अर्धवर्तुळाकार कमानीत बसवलेली रंगीत तावदाने याच जातीची. चर्चच्या खिडकीत अशा काचांचे तुकडे आकृतीबरहुकूम कापून शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवतात आणि पट्ट्यांचे सांधे डाखाने जोडतात. नाक, डोळे, वस्त्रांच्या चुण्या यांच्यासाठी लोहाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांचा काळपट तपकिरी लेप आतल्या बाजूने लावून भट्टीत भाजतात. वाळलेला लेप भाजण्यापूर्वी सुईने किंवा ताठ कुंचल्याने खरवडून उजेडाच्या बारीक रेषा काढणे, ही या कलेतील अत्यंत नाजूक कारागिरी होय.

या सगळ्यांत पिवळा रंग निराळा, आणि माझे सर्वाधिक प्रेम त्याच्यावरच आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून युरोपातील कारागीर चांदीचे संयुग मातीत कालवून काचेच्या बहुधा बाहेरच्या बाजूस लावू लागले. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काच भाजून माती झाडून टाकली की खाली पारदर्शक पिवळा रंग उरतो, फिक्या लिंबासारख्या छटेपासून गडद केशरीपर्यंत. या उष्णतेत चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) काचेतील सोडियम किंवा पोटॅशियमच्या आयनांची जागा घेत आत शिरतात, तिथे त्यांचे धातुरूप अणू होतात आणि ते अणू एकत्र येऊन काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) आकाराचे कण बनतात. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतही चांदीचेच संयुग, सिल्व्हर नायट्रेट, असते. आपल्याच कर्नाटकातील म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात ती शाई १९६२ पासून तयार होते. बोटावर चांदी काळा डाग देते आणि काचेत पिवळा, कारण काचेत तिचे कण अतिशय लहान आणि एकमेकांपासून दूर असतात.

ते पिवळेच का दिसतात? धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात आणि प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. लहरीचे विद्युतक्षेत्र कणातील इलेक्ट्रॉनांचा सगळा समूह एका बाजूला ढकलते, मागे उरलेला धनभार त्याला परत ओढतो आणि समूह पाळण्यासारखा झोके घेऊ लागतो. पाळण्याला योग्य वेळी धक्का मिळाला की झोका वाढत जातो. तसेच एका ठरावीक तरंगलांबीला हे आंदोलन सर्वांत मोठे होते आणि कण नेमका तोच प्रकाश शोषून घेतो. या सामूहिक आंदोलनाला प्लाझ्मॉन म्हणतात. लहान गोल कणासाठी अट अशी की, धातूच्या परावैद्युतांकाचा (विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या आकड्याचा) वास्तव भाग भोवतालच्या माध्यमाच्या परावैद्युतांकाच्या उणे दुप्पट असावा. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप, सुमारे १.५, म्हणून तिचा परावैद्युतांक त्याच्या वर्गाइतका, सुमारे २.२५, आणि त्याची उणे दुप्पट म्हणजे उणे ४.५. चांदीच्या बाबतीत हे मूल्य ४०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्या प्रकाशात, येते. पांढऱ्या प्रकाशातून जांभळा आणि त्यालगतचा निळा वजा झाला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. सोन्याच्या कणांचे शोषण सुमारे ५३० आणि तांब्याच्या कणांचे सुमारे ५६० नॅनोमीटरला होते, म्हणून त्यांनी काच तांबडी होते. सोन्याच्या तांबड्या द्रवाचा रंग धातूच्या सूक्ष्म कणांमुळे आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये मांडले आणि त्यामागचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव मी (Mie) यांनी १९०८ मध्ये पूर्ण केले.

म्हणूनच ‘मध्ययुगीन कारागिरांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ हे सध्या पसरवले जाणारे विधान मला पटत नाही. त्यांना भट्टी आणि तिच्यातून निघणारा रंग अचूक कळत होता, आणि तेवढे ज्ञान थोर म्हणायला पुरेसे आहे. रंगीत बाटलीतले पाणी उन्हात ठेवून औषध म्हणून पिण्याची प्रथाही आपल्या भागात दिसते. रंगीत काच प्रकाशातील काही भाग काढून घेते, आणि उरलेला प्रकाश पाण्यातून निघून जातो किंवा त्याला किंचित तापवतो. त्याचा रंग किंवा गुण पाण्यात साठत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. थेट ऊन खिडकीवर पडले की काही काचा डोळे दिपवतात, तर बाजूच्या गडद काचा काळ्याच राहतात, आणि फिक्या काचांतून बाहेरची झाडेही डोकावतात. जून ते सप्टेंबर बेळगाववर जे सलग ढगाळ आभाळ असते, ते या कामासाठी सर्वोत्तम, कारण संपूर्ण आकाश एक मोठा पांढरा पडदा बनते. आतले दिवे बंद करावेत, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि तो शक्य तितका काचेला समांतर राहील इतके मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, काचेवर ठरवावे. भिंत काळी पडली तरी चालेल. तेच दृश्य एकेका स्टॉपच्या (उजेड दुप्पट किंवा निम्मा करणाऱ्या टप्प्याच्या) फरकाने तीन ते पाच वेळा टिपावे.

निळ्या काचेबाबत अधिक जपावे लागते. कॅमेऱ्याच्या एकूण उजेडाच्या मापनात हिरव्या रंगाचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे ते माप ठीक दाखवत असतानाच निळ्या रंगाची नोंद शिगेला पोहोचून सपाट झालेली असते आणि त्या काचेवरील खरवडलेल्या बारीक रेषा कायमच्या जातात. म्हणून लाल, हिरवा आणि निळा या तीनही रंगांचे हिस्टोग्राम (कॅमेऱ्यात दिसणारे उजेडाच्या वाटणीचे आलेख) स्वतंत्रपणे पाहावेत.

फोटोत कारागिरी वाचायची असेल, तर मध्ये शिशाची रेघ नसताना रंग कुठे बदलतो ते शोधावे. पांढरा चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यावर असतील, किंवा एकाच निळ्या तुकड्यात (निळ्यावर पिवळा चढून) मध्येच हिरवे पान उमटले असेल, तर तिथे जवळपास खात्रीने चांदी आहे.

परवानगी घेऊन दुसरा फोटो बाहेरून, बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात काढावा. त्यात रंग जवळजवळ विझतात, पण डाखाचे सांधे, काचेतील बुडबुडे आणि लाटा स्पष्ट दिसतात. जुन्या खिडकीचा फुगवटाही दिसतो, आणि ‘काच शतकानुशतके खाली ओघळते’ ही समजूत तिथे आठवते. वेस्टमिन्स्टर ॲबीतील मध्ययुगीन काचेच्या घटकांवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासानुसार, नेहमीच्या तापमानाला अशी काच एक अब्ज वर्षांतही जेमतेम एक नॅनोमीटर सरकेल. फुगवटा येतो तो थकलेल्या शिशामुळे. ज्या तुकड्यावर चांदी आहे त्याच्या या बाहेरच्या बाजूस, तिरप्या उजेडात, कधीकधी धातूसारखी अगदी मंद झाक दिसते. आतून पाहताना जे सोनेरी केस होते, त्यांची कड त्या झाकेवरून बोटाने दाखवता येते.