शेवरॉन डेफरन्स

अमेरिकेच्या प्रशासकीय कायद्यातलं तत्त्व, डेफरन्स म्हणजे दुसऱ्याच्या मताला मान देणं. सुप्रीम कोर्टाने २५ जून १९८४ ला मांडलं आणि २८ जून २०२४ ला त्याच कोर्टाने मोडीत काढलं, म्हणजे आयुष्य चाळीस वर्षं तीन दिवस. काँग्रेसने (तिथली संसद) केलेला कायदा एखाद्या मुद्द्यावर गप्प किंवा संदिग्ध असेल आणि तो राबवणाऱ्या सरकारी एजन्सीने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर जजला स्वतःला दुसरा अर्थ जास्त पटत असला तरी एजन्सीचाच धरायचा, एवढंच ते.

उगम कुठला यावर एकमत नाही. काहीजण थेट १८२७ च्या एडवर्ड्स विरुद्ध डार्बी खटल्यापर्यंत मागे जातात, काही १८४० च्या डेकेटर खटल्यापर्यंत, ज्यात नौदल अधिकाऱ्याच्या विधवेला दोन पेन्शन हव्या होत्या आणि कोर्टाने नौदलमंत्र्याला तसा हुकूम द्यायला नकार दिला. पण कायद्याचे प्राध्यापक आदित्य बमझाई यांचं म्हणणं असं की तेव्हाचा मान एजन्सीला नव्हताच, कायदा आला त्याच काळात लावलेल्या आणि पुढे रुळलेल्या अर्थाला होता, आणि डेकेटर तर मुळात कोर्टाच्या हुकमाच्या मर्यादेबद्दल आहे. हे जास्त पटतं. १९४० च्या दशकात सूर बदलायला लागला असं साधारण धरतात, तरी १९४४ च्या स्किडमोर खटल्यात (टेक्सासमधल्या मांस कारखान्यातल्या कामगारांना आगीच्या ड्युटीसाठी रात्री नुसतं थांबून राहण्याचा पगार मिळावा का, हा वाद) एजन्सीच्या मताला ते जितकं पटेल तितकंच वजन दिलं गेलं. १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा तर सरळ सांगतो की कायद्याचे प्रश्न कोर्टाने ठरवायचे. हे वाक्य पुढे या तत्त्वाला फार महागात पडलं.

मूळ खटला धुराड्यांचा, त्यात शेवरॉन ही तेल कंपनी पक्षकार होती, नाव तिथून आलं. हवा शुद्धीकरण कायद्याच्या १९७७ च्या दुरुस्तीतला ‘स्थिर स्रोत’ म्हणजे प्रत्येक यंत्र की अख्खा कारखाना? रेगन सरकारच्या पर्यावरण एजन्सीने १९८१ मध्ये अख्खा कारखाना धरला, जणू सगळ्यावर एक बुडबुडा आहे, आत एकीकडे धूर वाढला आणि दुसरीकडे तेवढाच कमी झाला तर हरकत नाही. खालच्या कोर्टात रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हे रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने ६-० ने उलटवलं. जस्टिस स्टीव्हन्स यांचं कारण बघण्यासारखं आहे: जज तज्ज्ञ नाहीत आणि लोकांना उत्तरदायीही नाहीत, एजन्सी निदान निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाताखाली असते. म्हणजे उत्तरदायित्वाचा मुद्दा सुरुवातीला एजन्सीच्या बाजूने होता, आज तो बहुतेक वेळा उलटा वापरतात. तेव्हा एजन्सीच्या प्रमुख होत्या अ‍ॅन गोर्सच. २०२४ मध्ये हे तत्त्व गाडणाऱ्यांत त्यांचा मुलगा, सुप्रीम कोर्टाचा जज नील गोर्सच होता.

मधल्या काळातलं थोडक्यात: सुप्रीम कोर्टाचे जस्टिस स्कॅलिया यांनी उचलून धरलं, त्याच कोर्टाच्या २००१ च्या मीड निकालाने वापर आकसला, २०२२ मध्ये मोठ्या प्रश्नांसाठी काँग्रेसची स्पष्ट परवानगी मागितली गेली.

शेवट हेरिंग माशांवरून. बोटीवर सरकारी निरीक्षक घ्यायचा आणि त्याचे पैसे, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, बोटमालकाने द्यायचे असा नियम, पण १९७६ च्या मत्स्य कायद्यात या मासेमारीपुरतं पैसे कोणी द्यायचे त्याबद्दल काहीच नाही. लोपर ब्राइट निकालात मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी १९४६ च्या त्याच वाक्यावर बोट ठेवलं. एजन्सीचं म्हणणं ऐका, पण अर्थ तुम्हीच लावा. जुने निकाल मात्र कायम. म्हणजे स्किडमोर परत आला. जस्टिस केगन यांनी विरोधी मतात विचारलं की अमिनो आम्लांची साखळी ‘प्रोटीन’ कधी म्हणायची हे जज ठरवणार का? योगायोग असा की आदल्याच दिवशी हवा प्रदूषणाच्या दुसऱ्या निकालात गोर्सच यांनी नायट्रोजन ऑक्साइडच्या जागी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे चक्क लाफिंग गॅस लिहिलं होतं, एकदा नाही पाचदा, मग दुरुस्त केलं. चूक किरकोळ, पण टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

तत्त्व मोडीत काढणाऱ्यांची बाजूही कच्ची नाही. इंटरनेट सेवा कुठल्या वर्गात बसवायची यावर दूरसंचार आयोगाने २०१५, २०१७ आणि २०२४ अशी तीनदा कोलांटी मारली, सरकार बदललं की अर्थ बदलला, कायद्याचा मजकूर तोच. २ जानेवारी २०२५ ला सहाव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट) लोपर ब्राइटचा आधार घेऊन शेवटची कोलांटी रद्द केली.

राज्यांत हा वाद आधीच सुरू झाला होता, अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिन यांनी २०१८ मध्येच डेफरन्सला कात्री लावली. फ्लोरिडात त्याच वर्षी मतदारांनीच राज्यघटनेत बंदी घातली, मात्र मतपत्रिकेवर ती गुन्ह्यातल्या पीडितांचे हक्क आणि जजचं निवृत्तीचं वय ७० वरून ७५ करणं यांच्यासोबत एकाच दुरुस्तीत होती, तिन्हींना मिळून एकच हो किंवा नाही.