पावसाळ्यात वहीला लाटा का येतात?

सांगली-साताऱ्यात वह्यांचं काम जोरात चालतं ते उन्हाळ्यात, कारण जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत माल दुकानात हवा असतो. म्हणजे वही बनते वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या हवेत आणि वापरात येते सगळ्यांत दमट हवेत. वाकडी होणारी, फुगणारी, उघडी न राहणारी वही बहुतेकदा या बदलाचीच शिकार असते, आणि ते टाळणं वही बनवणाऱ्याच्या हातात असतं.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. तंतूला ओल लागली की तो लांबीला जवळपास तेवढाच राहतो, जाडीला मात्र चांगलाच फुगतो. पेपर मिलमध्ये पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या धावेकडे तोंड करून बसतात. ही दिशा म्हणजे कागदाची ग्रेन. त्यामुळे दमट हवेत कागद ग्रेनच्या दिशेने जेमतेम वाढतो, आडव्या दिशेने त्याच्या दोन-तीन पट किंवा जास्तच. पावसाळ्यात लाकडी दार रुंदीला फुगून चौकटीत अडकतं, उंचीला नाही, त्यामागे हेच आहे.

आता २४ × १८ सेंटिमीटरची वही घ्या. ग्रेन कण्याला, म्हणजे पानं जोडलेल्या २४ सेंटिमीटरच्या बाजूला, समांतर असेल तर वाढ १८ सेंटिमीटरच्या बाजूने होते. ती कड मोकळी असल्याने कुणाला कळतही नाही. ग्रेन कण्याला काटकोनात असेल तर वाढ २४ सेंटिमीटरच्या बाजूने होते. अर्धा टक्का धरली तरी ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाते. कणा पिनांनी आणि घडीने जखडलेला, मग वाढलेला कागद जाणार कुठे? लाटा उठतात.

ही चूक होते कशी? जुन्या डिस्कच्या रूलिंग मशीनवर कागद ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने रेघ पडते. रीळ थेट लावलं की ग्रेन रेघेला समांतर, म्हणजे कण्याला काटकोनात. सुटे ताव घातले तर ते फिरवून लावता येतात. फ्लेक्सो मशीनवर, म्हणजे रबरी ठशाने रेघा छापणाऱ्या मशीनवर, हा ब्लॉक हव्या त्या दिशेने बसवता येतो, पण तिथेही रिळाची रुंदी वाया जाऊ नये म्हणून ग्रेन कण्याला काटकोनात येईल असा आडवा हिशेब धरला जातो. कातरण वाचते आणि वही बिघडते. हा सौदा मला अजिबात पटत नाही.

तपासणं सोपं आहे. वहीच्या एकाच पानातून १ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत आडव्या धरा, मग वरखाली बदलून पुन्हा धरा. जास्त लोंबते तिची ग्रेन पट्टीच्या रुंदीच्या दिशेने. उभी पट्टी ताठ राहिली तर वही बरोबर बनली आहे.

साठवणुकीतही ओलच छळते. मिलमधून कागद साधारण ५ ते ६ टक्के ओल घेऊन येतो. मे महिन्यात रिळाचं वेष्टन आधीच फाडलं तर कडा सुकून आखडतात, मधला भाग सैल राहतो आणि रेघा सरकतात. उलट, सुकलेली थप्पी जूनमध्ये उघडी राहिली तर ओल कडांतून शिरते, कडा वाढतात आणि तिथे लाटा येतात. म्हणून रीळ लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावं आणि मशीनवर चढवतानाच उघडावं. तयार गठ्ठे लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. अति कोरड्या हवेत आणखी एक ताप असतो: घर्षणाने स्थिर वीज साठते, ताव एकमेकांना चिकटतात आणि मशीन एकाऐवजी दोन उचलतं. शेडमध्ये फरशीवर पाणी मारलं की हे कमी होतं.

वजनाचा हिशेबही ओलीशिवाय लागत नाही. या मापाच्या दोनशेपानी वहीत दोन्ही बाजू मोजून २०० होतात, सुटी पानं १०० असतात, म्हणजे ४.३२ चौरस मीटर कागद. ५८ जीएसएमने (दर चौरस मीटरला ५८ ग्रॅम) तो सुमारे २५० ग्रॅम भरतो, ५४ ने २३३. पण कागदातली ओल ५ वरून ८ टक्क्यांवर गेली तर तोच ५८ चा कागद काट्यावर ६० चा दिसतो. जुलैत वह्या तोलून जीएसएम ठरवणारा सहज फसतो.

आपल्या भागातल्या उसाच्या चिपाडापासूनही लिहिण्याचा कागद होतो. आधी त्यातला मऊ गर काढावा लागतो, कारण तो पाणी आणि रसायनं नुसती पिऊन बसतो. तंतू १ ते दीड मिलिमीटरचा, पाइनच्या निम्मा किंवा त्याहूनही आखूड. कागद गुळगुळीत आणि ताठ होतो, पण फाटायला हलका. तो टिकाऊ करण्यासाठी लांब तंतूचा लगदा मिसळतात. अशा वहीत पिनांकडे जास्त लक्ष हवं. दोनशेपानी वहीत ५० जोडपानं, मिळून सुमारे ४ मिलिमीटर जाडी. तारेचे पाय आखूड पडले तर आत नीट वळत नाहीत आणि मधलं जोडपान पहिल्याच महिन्यात निसटतं. तार जस्ताचा मुलामा दिलेलीच वापरावी, नाहीतर ऑगस्टपर्यंत पिनेभोवती गंजाचा डाग उतरतो आणि तिथूनच कागद फाटू लागतो.