कामाच्या जागेतली हवा तपासणी

कारखान्यात, वर्कशॉपमध्ये माणूस शिफ्टभर जी हवा ओढतो त्यात केमिकलची वाफ, गॅस, धूर, धूळ किती आहे हे मोजणं म्हणजे ही तपासणी. नाशकात सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात पेंट बूथ, प्लेटिंगच्या टाक्या, वेल्डिंग, फाउंड्रीची (धातू वितळवून साच्यात ओततात तिथली) वाळू असं मोजण्यासारखं भरपूर आहे. चिमणीचं आणि बाहेरच्या हवेचं मोजमाप वेगळं, तो रिपोर्ट आतल्या माणसांसाठी दाखवून उपयोग नाही.

खरं मोजमाप माणसाच्या अंगावरच होतं. कमरेच्या पट्ट्याला छोटा पंप, पाठीवरून खांद्यावर आलेली नळी, आणि कॉलरला क्लिप केलेली पेन्सिलीपेक्षा बारीक काचेची ट्यूब ज्यात बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा कोळसा भरलेला असतो, थिनरची वाफ त्याला चिकटते आणि लॅबमध्ये ती सोडवून मोजतात. ट्यूब नाकातोंडापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत हवी, कारण पेंटर जॉबवर वाकलेला असतो आणि भिंतीवर टांगलेल्या मीटरला तिथली हवा कळतच नाही. धूळ आणि वेल्डिंगच्या धुरासाठी आधी वजन केलेला फिल्टर लावतात. फाउंड्रीत त्याच्या पुढे छोटं सायक्लोन, म्हणजे हवा गरागरा फिरवून जाड धूळ बाजूला पाडणारी नळी, त्यामुळे फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ तेवढी वेगळी निघते, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार तिच्यानेच होतो आणि तो बरा होत नाही. पंपाचा फ्लो, म्हणजे तो मिनिटाला किती हवा ओढतो ते, काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर दोन्ही वेळा तपासायचा, नाहीतर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मर्यादांचे आकडे भोपाळनंतर आले. १९८४ ची दुर्घटना झाली, मग १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती होऊन यादी जोडली गेली: थिनरमधलं टोल्युइन ८ तासांच्या सरासरीला १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आणि १५ मिनिटांसाठी १५०, अमोनिया २५ आणि ३५, वेल्डिंगचा धूर घनमीटरला ५ मिलिग्रॅम. दोन आकडे का, ते बघा. एखाद्याने २ तास १८० पीपीएम टोल्युइन ओढलं आणि उरलेले ६ तास २० तर सरासरी येते ६०, रिपोर्टवर सगळं ओके, पण त्या २ तासांत १५ मिनिटांची मर्यादा ओलांडलेलीच होती. शिफ्ट संपताना थिनरने रंग फवारायची गन धुतात ना, नेमकं तेव्हाचं सँपल वेगळं घ्यायला पाहिजे.

वासावर तर अजिबात जाऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

नाशकात अजून एक गोष्ट, थंडी. डिसेंबरात गारठ्यामुळे शटर अर्धं खाली ओढतात, पंखे बंद, तीच वाफ आत साठत राहते. मे महिन्यात सगळं उघडं असताना घेतलेलं सँपल थंडीतल्या रात्रपाळीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून दोन्ही वेळा मोजावं असं मला ठामपणे वाटतं.

दिवसभर पंप बाळगणाऱ्या कामगाराला बरेचदा आकडा कळतच नाही, हे फार चूक आहे. त्याच १९८७ च्या दुरुस्तीत कलम १११-अ आलं आणि आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क कामगाराला मिळाला. आकडा जास्त आला तर आधी डब्यांना झाकण, मग वाफ निघते तिथेच ओढून घेणारा एक्झॉस्ट, आणि तेवढ्याने भागत नसेल तर कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क. तोंडाला बांधलेल्या रुमालाने थिनरची वाफ अडत नाही.