सेलेनियम जोडलेलं पॉलिसॅकराइड की सेलेनियमचे नॅनोकण? दोन्हीत गल्लत नको

‘सेलेनियम पॉलिसॅकराइड’ या एका नावाखाली दोन पार वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि मग एकीचे गुण दुसरीच्या नावावर. एकीत सेलेनियम साखरेच्या लांब साखळीला, म्हणजेच पॉलिसॅकराइडला, केमिकल बंधाने जोडलेलं असतं, दुसरीत सेलेनियमचे नॅनोकण असतात आणि पॉलिसॅकराइड त्यांच्याभोवती नुसतं पांघरूण. गोंधळ होतो कारण दोन्हीची सुरुवात बहुतेकदा सोडियम सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षारापासूनच होते.

जोडायचं असेल तर वनस्पतीतून काढलेलं पॉलिसॅकराइड पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात, सेलेनाइट घालतात, कधीकधी बेरियम क्लोराइडही, आणि साधारण ६०-७० डिग्रीला काही तास ढवळत ठेवतात. सेलेनियम हायड्रॉक्सिल गटांवर, जास्त करून सहाव्या कार्बनवरच्या, एस्टर बनून बसतं, पण त्याची ऑक्सिडेशन अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले त्याचा हिशोब) +४ होती ती +४च राहते. नॅनोकणांना एवढा खटाटोप नाही, पॉलिसॅकराइडच्या द्रावणात सेलेनाइट आणि वरून व्हिटॅमिन सी घातलं की द्रावण नारिंगी-लाल व्हायला लागतं, म्हणजे सेलेनियम +४ वरून थेट शून्यावर आलं. पॉलिसॅकराइड नसेल तर हे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात.

गंमत म्हणजे हाच लाल रंग पहिल्या प्रकारात धोक्याची खूण असतो. जोडणी झाल्यावर डायलिसिस करतात, म्हणजे द्रावण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवतात, लहान रेणू बाहेर पडतात, आणि बाहेरच्या पाण्यात व्हिटॅमिन सी टाकून बघतात, लाल झालं तर मोकळं सेलेनाइट अजून निघतंय, पाणी बदला. ते विषारी तर आहेच, शिवाय आत राहिलं तर ‘इतकं सेलेनियम जोडलं’ हा आकडाही फुगतो. आयसीपी-एमएस ही मूलद्रव्यं मोजणारी चाचणी एकूण सेलेनियम किती ते सांगते, कुठल्या रूपात ते नाही. त्यासाठी एक्सपीएस (क्ष-किरणांनी अणूची अवस्था ओळखणारी चाचणी) बघायचं, शून्य अवस्थेतलं सेलेनियम ५५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास दिसतं आणि +४ वालं ५९ च्या.

आता अँटिऑक्सिडंटचं. अँटिऑक्सिडंट तपासायला वापरतात त्या डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग जास्त उतरला की लगेच ‘सेलेनियममुळे’ म्हणून मोकळे होतात, पण +४ सेलेनियमचा कल इलेक्ट्रॉन द्यायचा कमी आणि घ्यायचाच जास्त. शेजारचा हायड्रॉक्सिल गट त्याच्यामुळे हायड्रोजन सहज सोडतो असं एक स्पष्टीकरण देतात, ते ठीक आहे, पण गरम नायट्रिक ॲसिड साखळी तोडतं हे विसरून कसं चालेल? तुकडे लहान झाले की विरघळतात चांगले आणि रिड्युसिंग (इलेक्ट्रॉन देणारी) टोकं वाढतात, नुसत्या तेवढ्यानेही आकडा सुधारू शकतो. म्हणून तेच ॲसिड, तेच तापमान, तेवढेच तास, फक्त सेलेनाइट नाही, असा कंट्रोल पाहिजेच, तो नसेल तर मी तरी त्या ग्राफवर विश्वास ठेवत नाही. नॅनोकणांत शून्य अवस्थेतलं सेलेनियम स्वतः इलेक्ट्रॉन देऊ शकतं आणि कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, पण तिथली गोम वेगळी, उरलेलं व्हिटॅमिन सी नीट काढलं नाही तर तेच डीपीपीएच खाऊन टाकतं आणि कौतुक सेलेनियमचं होतं!

शरीरात तर हिशोबच निराळा. ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या अँटिऑक्सिडंट एन्झाइमला सेलेनियम सेलेनोसिस्टीन या अमिनो ॲसिडच्या रूपात लागतं, म्हणजे ते जोडलेलं असो की कणातलं, आधी सेलेनाइड (सेलेनाइट नव्हे, -२ अवस्थेतलं सेलेनियम) व्हावं लागतं. आणि गरज किती, तर अमेरिकन शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा ४००; युरोपने तर २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. त्यामुळे कुठल्याही प्रकारात ‘जितकं जास्त सेलेनियम तितकं भारी’ हे गणित चालत नाही.